तुम्ही विचारलंत म्हणून: मुंग्यांच्या पुढचं

पेडण्यातलं वाचनालय असो की फोंड्याचं कॉलेज, युक्रेनमधल्या युद्धाच्या वार्तांकनाबद्दल बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो. "हल्ली ड्रोनच सगळं टिपतात, आम्हाला मोबाइलवर दिसतं. मग तुम्ही तिथे जीव धोक्यात घालून कशाला जाता?"

खेरसनपुरतं सांगते. नोव्हेंबर 2022 मध्ये हे शहर रशियाच्या ताब्यातून सुटलं, पण रशियन सैन्य मागे हटलं ते नीपर नदीच्या पलीकडच्या काठापर्यंतच. केरीहून तेरेखोलचा किल्ला दिसतो ना, तसा तो काठ समोर दिसतो. तिथून ड्रोन येतात. चालवणारा डोळ्यांवर ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा बांधून बसलेला असतो. बसथांब्यावर उभा असलेला, बाजारातून परतणारा माणूस तो निवडून हेरतो. जॅमरने रेडिओ लहरी अडवता येतात, म्हणून काही ड्रोन आता काचतंतूची केसासारखी बारीक तार मागे सोडत उडतात. त्यांच्यापुढे जॅमरचं काही चालत नाही.

तुमच्या मोबाइलवर येतं ते बरेचदा त्याच कॅमेऱ्याचं चित्र असतं. मारणाऱ्याच्या नजरेचं. सायकलवरचा माणूस मोठा मोठा होत जातो, वर बघतो, आणि पडद्यावर मुंग्या येतात. चित्र तिथे संपतं. मी जाते ती त्या मुंग्यांच्या पुढचं बघायला. तिथल्या रुग्णालयाच्या जिन्यात एक बाई बसली होती. नवऱ्याला आत नेलं होतं. त्याची सायकल आणि बटाट्यांची पिशवी रस्त्यातच पडून होती. ती आणायला कुणी धजत नव्हतं, कारण पहिल्या ड्रोनमागून दुसरा येतो, मदतीला धावणाऱ्यांसाठी. हे ती बाई मला अगदी शांतपणे समजावून सांगत होती. मला तो शांतपणा अजून सोसत नाही.

चित्रफिती निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. मे 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने खेरसन भागातले हे हल्ले मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले, ते शेकडो चित्रफिती तपासून. पण वाचलेल्या माणसांच्या जबान्याही त्यांनी घेतल्या. कीव्हजवळच्या बुचात 2022 साली रस्त्यांवर प्रेतं सापडली, तेव्हा मॉस्कोने तो बनाव असल्याचं सांगितलं. वार्ताहर त्या रस्त्यांवरून चालत गेले होते, घरोघरी बोलले होते, म्हणून ते खोटं टिकलं नाही.

माझ्या जाकिटावर तेव्हा 'प्रेस' ही अक्षरं ठळक होती. पुढे खेरसनला आमच्या दुभाष्याने ती पट्टी काढायला लावली. जी अक्षरं आपल्याला वाचवतील म्हणून शिकलो, तीच लपवायची. त्या सकाळी माझा हात थरथरत होता.

रस्त्यांवर खांब रोवून मासेमारीची जाळी ताणली आहेत, ड्रोनचे पंखे त्यात अडकावेत म्हणून. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनीही आपली वापरलेली जाळी युक्रेनला पाठवली. मोरजीच्या किनाऱ्यावर मी हे सांगत होते तेव्हा माझा मामा रापणीचं जाळं सांधत बसला होता. त्याने जन्म त्यातच काढला. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग एवढंच विचारलं, "फाटलं की कोण सांधतं गो ते?"

धुकं पडेपर्यंत थांबतात, मामा. धुक्यात ड्रोनला नीट दिसत नाही. मग माणसं शिड्या घेऊन बाहेर पडतात.