थैलीवरची चिठ्ठी आणि पाकिटावरचा पत्ता

सातपूरच्या एका कारखान्यात मी डेस्कटॉप सपोर्टला होतो. प्रिंटर, अँटिव्हायरस, पासवर्ड विसरलेले साहेब, एवढंच काम. एका सोमवारी सकाळी पाऊल टाकलं तर सगळंच ठप्प. ईआरपी, म्हणजे कारखान्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, उघडेना, गेटवरचा वजनकाटा बिल छापेना, फोनही बंद. सर्व्हर रूममध्ये गेलो तर स्विचवरचे, म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्यावरचे, सगळे दिवे एकाच ठेक्यात फडफडत होते. दिवे लागलेत म्हणजे स्विच ठीक आहे, अशी तेव्हा माझी समजूत.

बाहेरून इंजिनिअर आला. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. एकेक केबल उपसत गेला आणि डिस्पॅचची केबल निघताच दिवे शांत झाले. डिस्पॅचमध्ये टेबलाखाली आठ पोर्टांचा साधा स्विच होता. रविवारी साफसफाई करताना कुणाला तरी एक केबल लोंबकळताना दिसली, आणि त्याने चांगल्या मनाने तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलं. दोन्ही टोकं एकाच डब्यात. इंजिनिअर ‘लूप’ म्हणाला, सही घेतली आणि गेला. साडेतीन तास कारखाना का थांबला होता ते मला कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचा, क्लास मी त्याच आठवड्यात लावला.

क्लासचं थोडक्यात सांगतो. नेटवर्कचे ओएसआय नावाचे सात थर पाठ झाले, पोर्ट नंबर पाठ झाले, तिसऱ्या महिन्यात ‘डम्प’ नावाची, परीक्षेच्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ हातात पडली. आठवडाभर तीही घोकली. मग एकाच प्रश्नाची दोन पानांवर दोन वेगळी उत्तरं सापडली आणि दोन्हींपैकी बरोबर कुठलं हे मला सांगता येईना. फी भरून एवढंच कळलं होतं की मला काही कळलेलं नाही.

वळण मिळालं ते घरी. आमचे अण्णा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टिंगला होते. आयुष्य रात्रपाळीत आणि थैल्यांत गेलं. मी जेवताना वैतागून म्हणालो, ‘नेटवर्कमधल्या एकाच पाकिटाला दोन-दोन पत्ते कशाला लागतात, आयपी वेगळा आणि यंत्राचा स्वतःचा मॅक वेगळा?’ अण्णा कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. ते म्हणाले, ‘पाकिटावर पत्ता असतो तो शेवटच्या माणसाचा. थैलीवर चिठ्ठी असते ती पुढच्या ऑफिसची. दर ऑफिसात थैली फोडायची, पाकिटं पाहायची, नव्या थैलीत भरायची, नवी चिठ्ठी. पाकिटावर आपण पेन लावत नाही.’

मी हात धुवायच्या आधी वहीवर काढून पाहिलं. 192.168.10.5 वरच्या पीसीला 192.168.20.9 वरच्या सर्व्हरशी बोलायचंय. पीसी आपला मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग गल्लीचा ते सांगणारा आकडा, लावून बघतो, समोरचा आपल्या गल्लीतला नाही हे त्याला कळतं. मग तो सर्व्हरचा मॅक शोधायच्या फंदात पडत नाही. एआरपीने (आयपीवरून मॅक विचारायची पद्धत) गेटवेचा, म्हणजे गल्लीबाहेर नेणाऱ्या राउटरचा, मॅक विचारतो. चिठ्ठीवर गेटवेचा मॅक, पाकिटावर सर्व्हरचा आयपी. राउटर थैली फोडतो, टीटीएल, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, एकने कमी करतो, आपलं टेबल पाहतो आणि नवी चिठ्ठी लावतो. अण्णांच्या उपमेत टीटीएल बसत नाही, पण बाकी सगळं चपखल बसलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्यापाशी जाऊन बसलो. पिनकोड निघाला. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, शिवाय संस्कृतचे कवी. अण्णांना या गोष्टीचा फार अभिमान. ते म्हणाले, ‘लांबच्या ऑफिसात सहाही आकडे कोण वाचतो? 4 दिसला की आपल्या बाजूची थैली. जवळ आल्यावर 422 नाशिक, 423 मालेगाव असे वेगळे खण. शेवटचे तीन आकडे ज्याचे त्याने बघावेत.’ मी विचारलं, ‘4 चाही खण आहे आणि 422 चाही आहे, तर पत्र कुठे टाकायचं?’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की असला प्रश्न सॉर्टरच्या पोराने विचारावा याचंच त्यांना वाईट वाटलं असावं. ‘जिथे जास्त आकडे जुळतात तिथे.’

राउटर हेच करतो. टेबलात 10.0.0.0/8 आहे, 10.1.0.0/16 आहे आणि 10.1.5.0/24 आहे; / नंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे पहिले किती बिट जुळायला हवेत. 10.1.5.20 साठी पॅकेट आलं तर /24 जिंकतो. इथेच क्लासमध्ये माझा गोंधळ झाला होता. स्टॅटिक रूटचं, म्हणजे हाताने लिहिलेल्या मार्गाचं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स 1, ओएसपीएफचं 110, रिपचं 120 (या दोन्ही राउटरांनी आपापसात मार्ग कळवायच्या पद्धती; लहान आकडा जास्त भरवशाचा), हे आकडे पाठ होते; म्हणून स्टॅटिक नेहमी जिंकणार असं मी धरून चाललो होतो. पण /16 चा स्टॅटिक आणि /24 चा ओएसपीएफ समोरासमोर आले तर ओएसपीएफवालाच वापरला जातो. डिस्टन्सचा प्रश्न येतो तो नेमका तोच प्रीफिक्स (पत्ता आणि / चा आकडा) दोन ठिकाणांहून कळला तर, टेबलात कोणाला घ्यायचं एवढ्यापुरता. डम्पमधली परस्परविरोधी उत्तरं याच जागेवरची होती. आणि 0.0.0.0/0, म्हणजे डिफॉल्ट रूट, हा ज्यांना कुठलाच खण नाही त्या पत्रांचा खण.

इथून अभ्यासाची पद्धतच बदलली. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर फुकट मिळतो. त्यात काहीही जोडलं की एंटर मारायच्या आधी वहीत लिहायचं: आता या स्विचच्या मॅक टेबलात काय असेल, त्या राउटरच्या रूटिंग टेबलात काय असेल. मग ते टेबल दाखवणारी शो कमांड द्यायची आणि ताडून पाहायचं. पहिल्या आठवड्यात मी निम्म्याहून अधिक वेळा चुकलो. स्विच येणाऱ्या फ्रेमचा (म्हणजे थैलीचा) पाठवणाऱ्याचा पत्ता बघून शिकतो आणि घेणाऱ्याचा पत्ता बघून पाठवतो, हे एक वाक्य मला तोंडपाठ होतं. पण पीसी गप्प बसला तर स्विचला त्याचा पत्ताच नाही, आणि शिकलेलंही 300 सेकंद काही ऐकू आलं नाही तर तो विसरतो, हे वहीतल्या चुकांनी शिकवलं.

कॉम्प्युटरवरचा खेळ पुरेना म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिस्कोचे दोन जुने 2960 स्विच उचलून आणले. आईने पंख्याचा आवाज ऐकून घरात चक्की बसवलीस का विचारलं. कन्सोलची, म्हणजे स्विचला थेट आदेश द्यायची, निळी चपटी केबल होती, पण तिचं दुसरं टोक नऊ पिनांचं आणि लॅपटॉपला तसलं तोंडच नाही. यूएसबी कन्व्हर्टर आणला. स्पीड 9600 ठेवला नाही तर स्क्रीनवर नुसता किडामुंगीचा बाजार दिसतो, हेही एक संध्याकाळ घालवून कळलं. एका स्विचवर आधीच्या मालकाचा पासवर्ड होता. मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, फ्लॅश चालू करायचा, कॉन्फिग फाइलचं नाव बदलायचं, बूट करायचं. पुस्तकात हे अर्ध्या पानात आटपतं, मला मध्यरात्र झाली. वर सगळं पुसूनही जुने व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये वेगळी पाडलेली जाळी) जागच्या जागी. ते स्टार्टअप कॉन्फिगमध्ये नसतातच. फ्लॅशमध्ये व्हीलॅन डॅट नावाची वेगळी फाइल असते, ती उडवावी लागते.

मग मी मुद्दाम दोन स्विचमध्ये दोन केबली लावल्या. एका पोर्टाचा दिवा केशरी होऊन तसाच राहिला. स्पॅनिंग ट्रीने, म्हणजे वर्तुळ टाळणाऱ्या सोयीने, तो रोखून धरला होता. ही युक्ती रेडिया पर्लमन यांनी 1985 साली डीईसी कंपनीत असताना शोधली. स्विच आपापसात बीपीडीयू नावाचे निरोप पाठवून एक मूळ निवडतात, म्हणजे रूट ब्रिज. ज्याचा प्रायॉरिटी आकडा लहान तो. कुणीच काही बदललं नसेल तर सगळ्यांचा 32768, त्यात व्हीलॅनचा नंबर मिळवून व्हीलॅन 1 ला 32769. बरोबरी झाली की लहान मॅकवाला. त्यामुळे बहुधा सगळ्यांत म्हातारा स्विच अध्यक्ष होतो. आमच्या भावकीच्या बैठकीत होतं तसंच, आणि परिणामही तसाच: सगळी वाहतूक त्या थकलेल्या डब्यावरून. म्हणून प्रायॉरिटी आपण स्वतः खाली आणायची.

त्यानंतर मी स्पॅनिंग ट्री बंद केलं. दोन सेकंदांत दिवे त्या सोमवारच्या ठेक्यात फडफडायला लागले. खुर्चीत बसल्या बसल्या अंगावर काटा आला. आयपी पॅकेटला निदान टीटीएल असतो, फिरून फिरून कधीतरी मरतं. इथरनेट फ्रेमला असला काही आकडाच नाही. एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप, वर्तुळात शिरला की कुणी केबल ओढेपर्यंत फिरत राहतो, दर फेरीला सगळ्यांच्या दारात ओरडत. डिस्पॅचमधला डबा साधा, त्याला स्पॅनिंग ट्री माहीतच नव्हतं.

सबनेटिंग लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर केलं, घरात त्यांचा गठ्ठा होता. बायनरीत जाऊन बसलात तर परीक्षेत वेळ पुरत नाही. 192.168.10.77/27 दिसलं की /27 म्हणजे 32 चा तुकडा: 0, 32, 64, 96. 77 हा 64 च्या तुकड्यात. नेटवर्क 64, ब्रॉडकास्ट 95, मधले 30 वापरायचे. रोज वीस गणितं, चहा येईपर्यंत. ओएसपीएफवर एक अख्खा रविवार गेला, कारण दोन राउटर शेजारी व्हायला तयार नव्हते. एकीकडे हॅलो (‘मी आहे’ असा निरोप) 10 सेकंदांचा, दुसरीकडे मीच कधीतरी 5 करून ठेवलेला. आयपीव्ही6, वायरलेस, ऑटोमेशन यांवरून मी नुसती नजर फिरवली. ते पुढे भोवलं.

मध्ये कारखान्यात मला मॅनेज्ड स्विचला, म्हणजे ज्याला आदेश देता येतात अशा स्विचला, हात लावायची परवानगी मिळाली होती. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर, नवा व्हीलॅन 30 चढवायचा होता. मी लिहिलं, स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30. ‘अ‍ॅड’ हा शब्द राहिला. आधीच्या यादीत 30 मिळवण्याऐवजी पूर्ण यादीच 30 झाली. बाकी सगळे व्हीलॅन त्या ट्रंकवरून उडाले, ज्यातून मी बोलत होतो तोही. स्क्रीन गोठली. पेंट शॉपपर्यंत पळत गेलो आणि स्विचची वीज काढून पुन्हा लावली. सेव्ह केलेलं नव्हतं म्हणून जुनं कॉन्फिग परत आलं. तेव्हापासून लांबून काही बदलायचं असेल तर आधी ‘रीलोड इन 10’ देतो. वाट लागली तर दहा मिनिटांत स्विच आपणहून पूर्वपदावर. नाही लागली तर रीलोड रद्द करायचा.

परीक्षा 300 डॉलरची, वर कर. 120 मिनिटं. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर येता येत नाही, आणि हेच मला नडलं. दोन ओळखपत्रं दाखवली, घड्याळ, पाकीट, रुमालसुद्धा बाहेर ठेवला. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत हे सुरुवातीलाच मान्य करावं लागतं, त्यामुळे ते सांगत नाही. एवढंच सांगतो की एका प्रश्नाला मी वीस मिनिटं चिकटून बसलो, कारण तो मला सोडवता आला असता, फक्त वेळ हवा होता. शेवटचे कितीतरी नुसते टिचक्या मारून सोडवले. नापास. निकालाच्या कागदावर विभागवार टक्के असतात. आयपी कनेक्टिव्हिटी, जिला 25 टक्के वजन, तिथे चांगले होते. ऑटोमेशनला 10 टक्के वजन, तिथे जवळपास काही नाही. दहा टक्के सोडून दिले तरी चालतात असं मानणाऱ्याने आधी उरलेल्या नव्वदांत कमी चुकावं लागतं.

पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं. मी सात आठवडे घेतले, कारण पैसेही पुन्हा साठवायचे होते. या वेळी घरी घड्याळ लावून बसायचो आणि अण्णा समोर. एकदा त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. राउटरवरून पिंग केलं की पहिल्या वेळी एक ठिपका आणि मग चार उद्गारचिन्हं येतात. ‘पहिलं पत्र नेहमी का बुडतं?’ मी सांगितलं, पुढच्या ऑफिसची चिठ्ठी तयार नसते. नाव विचारून येईपर्यंत पहिलं पाकीट टाकून दिलं जातं. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. टपालात असं केलं असतं तर सस्पेंड झालो असतो म्हणाले.

दुसऱ्या खेपेला पास झालो. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. पगार लगेच काही वाढला नाही.

मी मात्र डिस्पॅचची केबल मॅनेज्ड स्विचवर आणली आणि त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावला. खालच्या डब्यात कुणी वर्तुळ केलं तर स्विचचा स्वतःचाच बीपीडीयू फिरून परत येणार आणि तेवढाच पोर्ट बंद पडणार. 300 सेकंदांनी तो पुन्हा उघडून बघेल, अशी सोयही ठेवली. पावसाळ्यात एका रात्री पावणेबाराला सिक्युरिटीचा फोन आला.

‘साहेब, डिस्पॅचचे दोन कॉम्प्युटर बंद पडलेत.’

‘आणि वजनकाटा?’

‘तो चालू आहे. बाकी सगळं चालू आहे.’

‘टेबलाखाली कुणी केबल खोचली का?’

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग, ‘लोंबकळत होती साहेब. काढू का?’

‘काढा. आणि पाच मिनिटं थांबा.’