हळदीचा भाव फोनवर दिसलाच पाहिजे

आपल्या दुकानाची वेबसाइट कशी आहे हे खरंच बघायचं असेल, तर लॅपटॉप मिटवा. घरातला सगळ्यात साधा फोन घ्या, वायफाय बंद करा, अंगणात उन्हात उभे राहा आणि मग साइट उघडा. आपलं गिऱ्हाईक ती अशीच बघतं.

आमच्या दाजींचा हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला हळदीचा धंदा आहे. घरचं हळकुंड विकतात, शिवाय पूड करून पाकिटं भरतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांच्याकडे बाहेरगावची चौकशी वाढली. साइट आधीपासून होती, पण कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी बनवलेली. दिवाळीत दाजी मला म्हणाले, "साइटवर भाव टाकलाय की, तरी लोकं फोन करून भावच इचारायलेत."

मी त्यांच्याच फोनवर साइट उघडली. अख्खं पान आक्रसून मुंगीएवढ्या अक्षरांत समोर आलं. याचं कारण अगदी साधं असतं. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ नसली, की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि ते सगळं छोट्या पडद्यात कोंबतो. 'रुंदी फोनएवढी धर' असं सांगणारी ती एक ओळ घातली की अक्षरं वाचण्याजोगी होतात. मग खरी कामं दिसायला लागतात.

पहिलं काम भावाच्या तक्त्याचं. प्रकार, प्रत, वजन, दर, पोच खर्च असे पाच रकाने होते आणि दर नेमका पडद्याबाहेर जात होता. मी फोनपुरता तक्ता मोडला. प्रत्येक मालाची वेगळी चौकट केली, वर नाव आणि लगेच खाली ठळक दर. बोट आडवं सरकवायची गरज उरली नाही.

त्याहून मोठी अडचण मराठीची होती, आणि ती आपल्याकडच्या कितीतरी साइटवर दिसते. 'आमच्याविषयी' हा सगळा मजकूर म्हणजे एक चित्र होतं. पत्रकासाठी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, नसतो. तो तसाच साइटवर चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात, म्हणून लोक त्याचा फोटोच लावून मोकळे होतात. फोटोतलं अक्षर फोनवर बारीक होतं, मोठं केलं की फाटतं. गूगलला तो मजकूर म्हणून नीट मिळत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या फोनला तो नीट वाचूनही दाखवता येत नाही. ताईने दोन संध्याकाळी बसून सगळा मजकूर फोनवरच युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

देवनागरीला जागाही जास्त लागते. वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर येऊन टेकतो. मी ओळीची उंची अक्षराच्या पावणेदोन पट ठेवली. मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर सोडलेलं होतं, तेही काढलं. इंग्रजीत ते शोभतं, पण 'हळद' लिहिताना त्याने शिरोरेषाच तुटते आणि तीन सुटी अक्षरं समोर उभी राहतात.

फोटोंचं लवकर उरकलं. कॅमेऱ्यातून निघालेले चार-चार हजार पिक्सेल रुंदीचे फोटो तसेच चढवले होते. हजारावर आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवले, खालचे फोटो पान खाली सरकेल तसे उघडतील असं केलं. शिवारात रेंज जेमतेम असते, तिथे हा फरक लगेच कळतो.

फोन नंबर पानाच्या तळाशी साध्या मजकुरात पडलेला होता. आता तो पडद्याच्या खालच्या कडेला कायम दिसतो, आणि बोट लावलं की थेट फोन लागतो. बटणं मी ४८ पिक्सेलची केली आणि मध्ये मोकळी जागा सोडली. कामाने राठ झालेल्या बोटालाही ती अचूक सापडली पाहिजेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. गूगल आता साइटची मोबाइलवरचीच बाजू धरून तिची नोंद घेतं. त्यामुळे फोनवर जागा नाही म्हणून माहिती काढून टाकू नका, मांडणी बदला. पूर्वी तपासणीसाठी गूगलचं वेगळं साधन होतं, ते डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं. आता क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस हे तपासणीचं साधन वापरता येतं. पण दाजींनी स्वतःच्या फोनवर बघून "आता दिसायलंय बघ" म्हणेपर्यंत मी काम संपलं असं धरलं नाही.

ऑर्डरचा फॉर्म अजून बाकी आहे. पिनकोडला हात लावताच आकड्यांचाच कीबोर्ड यायला हवा, आणि रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलच्या खाली जाऊन चालणार नाही, नाहीतर आयफोन टाइप करताना पान आपोआप मोठं करतो. हा फॉर्म काढणीच्या आत चालू करायचाय. एकदा हळद शिजवायला लागली की दाजींना फोन उचलायलाही सवड नसते.