साबणाचे फुगे आणि खर्ऱ्याची पन्नी

आज सकाळपासून जुने ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचे एक्स-रे, आणि त्याच गाठींच्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड्स जुळवत बसले होते. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलर नुसताच घरघरतोय.

एका फिल्मवर अडले. खालचा जबडा, अक्कलदाढेमागे साबणाच्या फेसासारखे काळे कप्पे. हा अमेलोब्लास्टोमाच, जबड्यातला ट्यूमर, असं वहीत लिहूनही टाकलं. पण जबडा फारसा फुगलेला नव्हता, गाठ हाडाच्या लांबीने आतल्या आत सरकली होती. स्लाइड लावली तर अस्तर पातळ, सहा-आठ पेशींच्या जाडीचं, वरचा केराटिनचा थर लाटांसारखा. म्हणजे केराटोसिस्ट, पिशवीसारखी पोकळ गाठ (सिस्ट)! वहीतली ओळ गुपचूप खोडली. (त्या बिचाऱ्याचं नशीब बघा: २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ट्यूमर ठरवलं, २०१७ मध्ये परत सिस्ट.)

दुपारी ओपीडीत काटोलकडचा एक पोरगा आला. "मॅडम, पाणीपुरी जात नाही जी तोंडात." तीन बोटं उभी घाल म्हटलं. एक गेलं, तेही कसंबसं. गाल आतून पांढरट, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. हे कुठल्या ओपीजीत दिसणार? सबम्युकस फायब्रोसिस, तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होणारा आजार. खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणात, तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने होतो, हे त्याला पटेचना.

"तंबाखू तं मी कमीच टाकायले लावतो जी."

बायोप्सीची तारीख दिली. निघताना खिशातली खर्ऱ्याची पन्नी टेबलावर ठेवून गेला. मुद्दाम की विसरला, कोण जाणे. पानठेला गेटबाहेरच आहे.