बस

रात्रीचे पावणेबारा. भांडी सिंकमध्ये तशीच आहेत, राहूदेत.

ढब्बूच्या बाईंचा मेल आलाय. बाईंना दिसत नाही, ढब्बू हा त्यांना वाट दाखवणारा कुत्रा, आणि पिल्लू असताना संस्थेसाठी तो वाढवला मी. ढब्बू हे आमच्या घरातलं नाव, कागदोपत्री वेगळंच आहे, संस्थेत एका वेताच्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात आणि त्यात आपल्याला कोणी विचारत नाही. मेल छान आहे. सोबत फोटो. अंगावर हार्नेस, आणि चेहऱ्यावर असा काही शहाणपणा की आमच्याकडच्या चौदा महिन्यांत तो मला एकदाही दिसला नव्हता. तो त्यांना ऑफिसला नेतो, पोस्टात नेतो, स्टेशनवरच्या गर्दीत कोणाचा धक्का लागू देत नाही. आणि शेवटी अगदी सहज लिहिलंय की एकच गंमत आहे, स्टॉपवर उभे असताना कोणी 'बस' म्हटलं की हा पटकन खाली बसतो. ट्रेनरलाही कळेना. तुम्हाला काही माहितीये का?

माहितीये.

संध्याकाळपासून हे डोक्यात फिरतंय. संस्थेने पहिल्याच दिवशी शब्दांची यादी दिली होती, आणि तेच शब्द वापरा म्हणून बजावलं होतं. सिट म्हणजे सिट. पुढेमागे अरे नको, बाळा नको. कारण उद्या तो कोणाकडे जाईल माहीत नसतं आणि त्या माणसाचे शब्द त्याला कळले पाहिजेत. मी पाळलं होतं हो सगळं. सोफ्यावर घ्यायचं नाही, ताटातलं द्यायचं नाही. शू करायला नेलं की 'बिझी बिझी' म्हणायचं, तेही मी कॉव्हेंट्रीच्या पावसात पहाटे साडेपाचला, गाऊनवर जॅकेट चढवून, इमानेइतबारे म्हटलंय आणि समोरचे आजोबा पडद्याआडून बघत होते तरी म्हटलंय.

आधी मी आईवर ढकललं. ती उन्हाळ्यात तीन महिने होती ना. फोन केला तर म्हणे, मी कशाला शिकवू, मी त्याला 'हो तिकडे' एवढंच म्हणायचे. खरंय. मग तिने परत तेच काढलं, आठ आण्याचं. ज्यांना कुत्रा मिळतो ते नावापुरते पन्नास पेन्स देतात, म्हणजे फुकट घेतला असं व्हायला नको, हे मी तिला एकदा सांगून बसले आणि तेव्हापासून ती मला ऐकवतेय, एवढा वाढवलास आणि आठ आण्याला दिलास! तिला सांगितलं की खाणं, डॉक्टर सगळं संस्थेचंच असतं, आपण नुसतं घर आणि वेळ द्यायचा. तर म्हणाली, मग तेच तर म्हणतेय मी.

असो.

तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, काय ग मोठं मन तुझं. व्हॅन आली, याने उडी मारली, आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी दारात रडले, ते प्रेमाने असं सगळ्यांना वाटलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितेय. आठ आठवड्यांचा होता आला तेव्हा, लेमिंग्टनजवळच्या त्यांच्या सेंटरमधून, माझ्या चपलेएवढा. पहिल्या रात्री रडरड रडला, मी त्याच्या शेजारी फरशीवर झोपले. निळं जॅकेट घालून त्याला ट्रेन दाखवली, मार्केट दाखवलं, सरकता दरवाजा, हँड ड्रायरचा आवाज. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या टेबलावर डबा ठेवून भाषणही ठोकलं, १९३१ साल, वॉलसी, दोन बायका आणि चार अल्सेशियन, तिथून इथे ही चळवळ सुरू झाली वगैरे. मंडळातले एक काका म्हणाले, आपल्याकडे माणसांना विचारत नाही कोणी आणि तुम्ही कुत्र्यांना देणग्या मागताय. त्यांना सांगायचं होतं की कुत्र्यांना नाही हो, ज्याला दिसत नाही त्याला. सांगितलं नाही. डब्यात एक्केचाळीस पौंड आणि एक रुपयाचं नाणं निघालं. नाणं काकांचं असणार.

बाबा शेवटची चार वर्षं गॅलरीच्या पुढे गेले नाहीत. साताऱ्यात आमच्या रस्त्याला कुत्र्याने न्यायचं म्हटलं तरी फुटपाथ कुठाय, आणि गल्लीतली बाकीची कुत्री सोडतील का त्याला. तो विषय नको आत्ता.

तर 'बस' मीच शिकवलं. मुद्दाम नाही. रात्री. धाकटी झोपलेली, नवरा तेव्हा डब्लिनला होता (ते एक वेगळंच), आणि मी खालच्या पायरीवर बसून राहायचे, दिवा न लावता. हा येऊन समोर उभा राहायचा. मी म्हणायचे, बस. बस रे इथे जरा. सिट म्हटलं की तो बसून माझ्या हाताकडे बघायचा, खाऊ कुठाय म्हणून. बस म्हटलं की नुसता बसायचा. बाजूला टेकून, श्वास मोठा सोडून, एखाद्या म्हाताऱ्यासारखा.

आता भीती अशी की यातून काही भलतंच झालं तर. लोकांना वाटतं हे कुत्रे सिग्नल बघतात. नाही बघत. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते बाईंनीच ठरवायचं, आणि त्यांनी चल म्हटलं तरी गाडी येत असेल तर याने जागचं हलायचं नाही, म्हणजे कधी ऐकायचं नाही हेसुद्धा याला शिकवलेलं असतं. इतक्या कामाच्या डोक्यात मी एक फालतू शब्द घालून ठेवलाय. पण बाई म्हणतात तो फक्त स्टॉपवरच बसतो, फॉरवर्ड म्हटलं की उठून चालायला लागतो, आणि शेजारच्या बायका कौतुक करतात. बरं झालं की वाईट, मला ठरवता येईना. सगळं शिकून पास झाला, कितीतरी कुत्रे होत नाहीत, आणि माझा एक शब्द तेवढा घेऊन गेला. मागे न बघता, पण घेऊन गेला! आणि नशीब पण बघा, बाई दक्षिणेकडच्या निघाल्या. उत्तरेकडच्या असत्या तर 'बुस' म्हणाल्या असत्या आणि कोणाला कधी पत्ताच लागला नसता.

उत्तर चार वेळा लिहून खोडलं. आधी नुसतीच माफी मागितली, मग माफी काढून टाकली, मग परत घातली, थोडी. आमच्या भाषेत बस म्हणजे सिट, एवढंच तर सांगायचंय. बाईंचा फोन मेल वाचून दाखवतो. बी ए एस लिहिलं तर तो 'बॅस' म्हणेल, म्हणून बी यू एस लिहिलंय. उद्या ऑफिसात फोन मोठ्याने वाचेल आणि टेबलाखाली आडवा पडलेला हा उठून बसेल.

मेलमध्ये तो शब्द तीनदा आलाय. एकदा पुरला असता.