टेबलावर पंचवीस वेळा उघडलेला अँटेना

१० सेंटिमीटर घनाचा, सव्वा किलोच्या आतला विद्यार्थी-उपग्रह. आमचा अँटेना म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातल्या पोलादी मेजरिंग टेपच्या पट्ट्या. ४३७ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर, तेवढी एकेक पट्टी. उड्डाणात त्या उपग्रहाभोवती गुंडाळून डायनीमाच्या, म्हणजे मजबूत प्लास्टिक धाग्याच्या, दोऱ्याने बांधलेल्या असतात. उपग्रह रॉकेटमधून सुटला की ३० मिनिटं थांबायचं, मग दोऱ्याला टेकलेल्या निक्रोमच्या, म्हणजे प्रवाहाने तापणाऱ्या, तारेतून प्रवाह सोडायचा. डायनीमा १४५ अंशांच्या आसपास वितळतो, दोरा तुटतो, पट्ट्या आपोआप सरळ होतात. टेबलावर आम्ही हे पंचवीस वेळा केलं, एकदाही चुकलं नाही.

थर्मोव्हॅकच्या, म्हणजे निर्वातात आणि थंडीत घ्यायच्या चाचणीच्या, दिवशी कक्षातला दाब मिलिबारच्या लाखाव्या भागापर्यंत उतरलेला, उपग्रह उणे १० अंशांवर रात्रभर मुरलेला. ९.१० ला तो चालू केला. ९.४० ला प्रवाहाच्या आलेखात सुईसारखी एक उंच रेघ आली नि गेली. अँटेना जागच्या जागी. १०.१० ला पुन्हा तीच रेघ. १०.४० लाही.

पहिला संशय गाठीवर, दुसरा तार दोऱ्यावरून सरकल्याचा. कक्ष उघडून बघू, असं दोघातिघांचं म्हणणं. पण गार उपग्रहावर हवा सोडली की दव धरतं, म्हणून आधी तो गरम करावा लागतो. आणि गरम केला असता तर दोष गायब झाला असता! हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं. उघडलं नाही ते निव्वळ कक्षाचं भाडं वाया जाऊ नये म्हणून.

उत्तर हाऊसकीपिंगच्या, म्हणजे उपग्रह स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवतो त्या, डेटात पडलेलं होतं. रीसेट काउंटर दर अर्ध्या तासाने एकने वाढत होता. म्हणजे तारेत प्रवाह सुरू होताच मायक्रोकंट्रोलर (उपग्रहाची सूत्रं हलवणारी चिप) बंद पडून पुन्हा उठत होता, आणि ३० मिनिटांचा टायमर शून्यापासून मोजत होता. काउंटर आम्ही एफरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, ठेवला होता, टायमर मात्र वीज गेली की पुसणाऱ्या साध्या रॅममध्ये. (असा निर्णय कोणी घेत नाही, तो राहून जातो.)

कागदावर हिशेब दोन ओळींचा. निक्रोमचा रोध २.२ ओहम, बॅटरी ३.७ व्होल्ट. खोलीच्या तापमानाला बॅटरी आणि वायरिंगचा मिळून रोध ०.१ ओहम धरा: बॅटरीच्या टोकांवर ३.५४ व्होल्ट उरतात, चिपला स्थिर ३.३ व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटर सुखात असतो. उणे १० ला लिथियम-आयन सेलचा अंतर्गत रोध कितीतरी वाढतो. एकूण ०.४ धरला तर टोकांवर ३.१३ व्होल्ट. रेग्युलेटरमध्ये आणखी ०.२ गेले की मायक्रोकंट्रोलरला २.९३, आणि ब्राउनआउटची मर्यादा, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली चिप स्वतःला रीसेट करते ती, आम्ही ३.० वर लावलेली. तारेत साडेचार वॉटच्या आसपास शक्ती होती. निर्वातात हवा उष्णता नेत नाही, त्यामुळे तेवढ्यात दोरा नक्की तुटला असता. पण प्रवाह काही मिलिसेकंदांतच कापला जात होता.

मग टेबलावर का चाललं? तिथे बॅटरी नव्हतीच. भिंतीतल्या विजेवर चालणारा ३ अँपिअरचा बेंच सप्लाय होता, त्याला थंडी वाजत नाही. रोज बॅटरी चार्ज करत बसायचा कंटाळा, एवढंच कारण.

दुरुस्तीत तार ३.३ ओहमची घेतली: थंडीतही प्रवाह १ अँपिअर, बॅटरीच्या टोकांवर ३.३ व्होल्ट. ब्राउनआउट २.७ वर आणला. डेटाशीटप्रमाणे आमची चिप तिथपर्यंत नीट चालते. टायमर आणि प्रयत्नांची संख्या एफरॅममध्ये गेली, आणि संख्या प्रवाह सोडण्याच्या आधी लिहायची, नंतर नाही. बॅटरी ५ अंशांखाली असेल तर आधी हीटर, पण जास्तीत जास्त पृथ्वीभोवतीच्या दोन प्रदक्षिणा. तापमानाचा सेन्सरच बिघडला तर उपग्रह कायमचा वाट बघत बसू नये. याची किंमत एकच. टेबलावर, हवेत, दोरा तुटायला आता दोनऐवजी सहा सेकंद लागतात.

दुसऱ्या फेरीत बॅटरी तीच, तापमान तेच. टेबलावर पट्टी सुटताना खट्ट वाजते, निर्वातात काहीच ऐकू येत नाही. खिडकीवरच्या कॅमेऱ्यात टेपचं पिवळं टोक हललं, तेव्हा आम्ही आधी काउंटर बघितला. तो वाढला नव्हता.