कंपनी बुडाली म्हणून पोटगी थांबत नाही: निपाणीतला माझा अनुभव

कर्नाटकातल्या निपाणीत वकिली करताना माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांचं सासर नाहीतर माहेर सीमेपलीकडचं असतं. कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज, चंदगड. आपला रोटी-बेटी व्यवहार राज्याची हद्द बघून कधी झालाच नाही. पण मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला पहिल्या पायरीवरच हद्द दाखवतात. “घडलं ते महाराष्ट्रात, तिकडं जाऊन तक्रार द्या,” हे एका पोलीस ठाण्यात ऐकूनच, ज्यांची ही गोष्ट आहे त्या ताई माझ्याकडे आल्या होत्या.

कायदा असं काही सांगत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई जिथं राहते, भले तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज चालतो आणि त्यांचा आदेश देशभर लागू होतो. फौजदारी तक्रारीचंही तसंच आहे. छळामुळे माहेरी आसरा घेतलेल्या बाईला तिथंच भारतीय दंड संहितेच्या कलम 498-अ ची, म्हणजे नवऱ्यानं वा सासरच्यांनी केलेल्या छळाची, तक्रार देता येते, हे रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्येच सांगून ठेवलंय. 1 जुलै 2024 पासून त्या कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86 आली, एवढाच फरक. बाईला परत पाठवणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं, आणि त्याची किंमत बाई मोजते. याचा मला आजही संताप येतो.

या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न जाता थेट कोर्टात अर्ज करता येतो, तो रस्ता आम्ही धरला. अर्ज कन्नडमध्ये, ताईंचं शिक्षण मराठीत. म्हणून सही घेण्याआधी मी ओळन् ओळ मराठीत वाचून दाखवली. त्या वाचनातच त्या मध्ये बोलल्या, “आणि माझं सोनं कंपनीसाठी गहाण ठेवलं, ते कुठं लिवलंय?” मारहाणीच्या गोष्टीत ते त्यांनी सांगितलंच नव्हतं. या कायद्यात स्त्रीधन बळकावणं हा आर्थिक छळ आहे आणि कलम 19(8) खाली ते परत देण्याचा आदेश मागता येतो. अर्जात तो परिच्छेद वाढवला.

खरी झुंज पुढं होती, पोटगीची. नवऱ्याची यंत्रमागाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कर्जात बुडाली होती. त्यानं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आदेश जोडला आणि म्हणणं दिलं: कंपनी दिवाळखोरीत आहे, वसुलीला स्थगिती आहे, माझ्याकडे दमडी नाही. तारखेनंतर कोर्टाच्या आवारात ताईंनी विचारलं, “वकीलबाई, कंपनी बुडाली म्हंजे माझं बी बुडालं का?”

दिवाळखोरीचं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. 2016 ची दिवाळखोरी संहिता काढून बसले. कलम 14 ची स्थगिती कंपनीला मिळते, तिच्या संचालकाच्या घरच्या जबाबदाऱ्यांना नाही. उद्या तो स्वतः दिवाळखोरीत गेला तरी पोटगीचं देणं कलम 79(15) मध्ये वगळलेल्या देण्यांत मोडतं, म्हणजे ते माफ होत नाही. आणि डिसेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की थकलेल्या पोटगीचा हक्क बँकेसारख्या धनकोंच्याही आधी येतो. हे हाती लागलं तेव्हा रात्र बरीच झाली होती, तरी मी ताईंना फोन केला.

पण कायदा दाखवून भागत नाही, माणसाकडे काय आहे हे दाखवावं लागतं. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याही कंपनीचे संचालक आणि तिच्यावरचे बोजे कुणालाही बघता येतात, शुल्क भरून ताळेबंदही मिळतो. त्या ताळेबंदात दिसलं की कंपनी डबघाईला आलेली असताना नवऱ्याच्या भावाचं बिनतारणी कर्ज तेवढं फेडलं होतं. बाकीची देणी तशीच.

रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानं पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलंय. शेतीवाल्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. ताईंच्या नवऱ्यानं बिगरशेतीचा नमुना भरला आणि उसाच्या रानाचा उल्लेखच टाळला. ताईंना गट नंबर तोंडपाठ होता. स्वतः भांगलण केलेलं रान ते. ऑनलाइन सातबारा काढला, त्यावर त्याचं नाव. ताळेबंद आणि सातबारा, दोन्ही कन्नड भाषांतरासह दाखल केले. त्यानंतर नवऱ्याच्या वकिलांचा आवाज बराच खाली आला.

अंतरिम पोटगी मंजूर झाली, तीही अर्जाच्या तारखेपासून. सोन्याचा मुद्दा अजून पुराव्याच्या टप्प्यावर आहे. पोटगीचे पैसे मात्र त्यानं दिले नाहीत, म्हणून आता कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20(6) खाली अर्ज केलाय: ज्या साखर कारखान्याकडून त्याचं ऊसबिल येणं आहे, त्यानं त्यातला हिस्सा थेट कोर्टात भरावा. पुढच्या तारखेला त्यावर युक्तिवाद आहे. कारखान्याच्या वजनपावत्यांच्या नकला ताईंनी स्वतःच मिळवून आणल्यात.