एएमएच कमी म्हणजे बाळात दोष येणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. रक्ततपासणीत एएमएच १ च्या खाली आला, आता एम्ब्रियोपण, म्हणजे लॅबमध्ये तयार होणारा गर्भपण, खराबच होणार ना? मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, आणि त्या एका आकड्यापायी रात्र रात्र न झोपलेल्या बायका बघून मला खरंच वाईट वाटतं.

एएमएच हे अंडाशयातल्या बारीक फॉलिकल्समधून, म्हणजे ज्यात बीजं वाढतात त्या पिशव्यांमधून, येणारं हार्मोन, म्हणजे ते कमी असेल तर इंजेक्शनं घेऊनही बीजं कमी मिळतील, इतकंच. मिळालेल्या बीजांमध्ये गुणसूत्रं नीट आहेत की नाही हे मुख्यतः तुमच्या वयावर ठरतं.

वयाचं असं का, तर आपली सगळी बीजं आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि गुणसूत्रांची वाटणी अर्धवट सोडून तशीच थांबून राहतात, कुठलं २५ वर्षं, कुठलं ४०. इतकी वर्षं गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रोटीन्स हळूहळू सैल पडतात, मग वाटणीची वेळ आली की एखादं गुणसूत्र भलत्याच बाजूला जातं. असे बरेचसे एम्ब्रियो रुजतच नाहीत किंवा मिसकॅरेज होतं, आणि २१ नंबरचं एक जास्तीचं आलं तर डाउन सिंड्रोम. ३५ व्या वर्षी साधारण ३ पैकी १ एम्ब्रियोत अशी गडबड सापडते, चाळिशीत निम्म्याहून जास्त, ४४ च्या आसपास तर ५ पैकी ४ च्याही वर.

म्हणून मला जास्त काळजी वाटते ती एएमएच ३ बघून निर्धास्त झालेल्या ४२ वर्षांच्या बाईची. बीजं भरपूर निघतात, पण त्यातली चांगली थोडीच. उलट ३० वर्षांची, एएमएच ०.७, बीजं निघाली चारच, पण त्यातून एखादा चांगला एम्ब्रियो मिळायची आशा नक्की असते, फक्त कमी बीजं म्हणजे चुकायला जागा कमी, हे खरंय.

मग पीजीटी-ए, म्हणजे ट्रान्सफरच्या आधी एम्ब्रियोची गुणसूत्रं मोजायची टेस्ट, करायची का? पाचव्या-सहाव्या दिवशी एम्ब्रियोच्या बाहेरच्या थरातून, जिथून पुढे वार बनते तिथून, आम्ही लेझरने पाचेक पेशी काढतो. बाळ ज्यातून बनतं त्या आतल्या गोळ्याला हात लावत नाही. पेशी काढल्यावर एम्ब्रियो फुग्यातली हवा जावी तसा आक्रसतो आणि काही तासांत परत फुलतो, इतकी वर्षं बघतेय तरी तेवढा वेळ माझा जीव टांगणीला असतो. पण ही टेस्ट एम्ब्रियो सुधारत नाही, नुसती निवड करते. चार-पाच एम्ब्रियो असतील तर आधी कुठला ट्रान्सफर करायचा, म्हणजे गर्भाशयात सोडायचा, ते कळतं. एकच असेल तर टेस्ट करायची की सरळ ट्रान्सफर, हे स्टिम्युलेशनची इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, बायोप्सीच्या, म्हणजे पेशी काढायच्या, दिवशी फोनवर नको.